विहिरीएवढा विषय

दिवाळीची सुट्टी संपून महाविद्यालये उघडली, की अनेक घरांत एक प्रश्न ऐकू येऊ लागतो. 'एखादा विषय सुचवा ना!' विचारणारा पदवीच्या वर्गातला किंवा एम.ए.चा विद्यार्थी असतो आणि ज्याला विचारायचे तो कोणीही चालतो. मामा चालतो, शेजारचे निवृत्त गुरुजी चालतात, एस.टी.त शेजारी बसलेला सुशिक्षित दिसणारा माणूसही चालतो. पूर्वी हा प्रश्न पीएच.डी. करणाऱ्या मोजक्या मंडळींच्या घरचा होता. नव्या शैक्षणिक धोरणाने क्षेत्रीय प्रकल्प आणि संशोधन प्रकल्प पदवीच्या अभ्यासक्रमातच आणून बसवले आणि प्रश्न खेड्यापाड्यांत पोचला. शाळकरी मुलांच्या दप्तरात तर तो १९९३ पासूनच आहे. त्या वर्षी सुरू झालेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेने दहा ते सतरा वर्षांच्या मुलांना आपल्या परिसरातला प्रश्न घ्या, त्याचा शोध घ्या, असे सांगायला सुरुवात केली.

मामा आणि गुरुजी यांच्या विचारविनिमयातून जो विषय निघतो तो साधारणपणे असा असतो : 'मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या समस्या : एक चिकित्सक अभ्यास'. किंवा 'ग्रामीण महिलांचे सक्षमीकरण : एक दृष्टिक्षेप'. किंवा 'पाणीटंचाई : कारणे व उपाय'. शीर्षकातल्या अपूर्णविरामाच्या अलीकडे अख्खे जग आणि पलीकडे 'एक अभ्यास'. एवढ्या मोठ्या विषयावर चार महिन्यांत, हातखर्चाच्या पैशांत, एकट्या मुलाने लिहायचे काय? मग तो जे करतो ते सर्वांना ठाऊक आहे. तीन पुस्तकांतली तीन प्रकरणे एकत्र होतात, पन्नास प्रश्नांची एक प्रश्नावली वर्गमित्रांकडूनच भरून घेतली जाते आणि शेवटी 'शासनाने याकडे लक्ष देणे गरजेचे आहे' असा निष्कर्ष निघतो. हा निष्कर्ष अभ्यासापूर्वीही खरा होता आणि नंतरही खराच राहतो. त्यासाठी वर्षाचे चार महिने खर्ची घालण्याची गरज नव्हती.

यात मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. शाळेत पहिलीपासून पदवीपर्यंत प्रश्न नेहमी दुसऱ्याने काढलेला असतो आणि मुलाचे काम उत्तर लिहिण्याचे. पंधरा वर्षे उत्तरे लिहिल्यावर एके दिवशी त्याला अचानक सांगितले जाते, की आता प्रश्नही तूच काढ. तो कसा काढायचा, हे त्याला कोणी दाखवलेले नसते. निबंधाची पाने किती, समासाची रुंदी किती, संदर्भसूची कशी लावायची, हे मात्र छापील पत्रकात दिलेले असते.

विषय शोधायचा म्हणजे काय करायचे, हे एका गावाच्या उदाहरणाने पाहू. गाव हसनाबाद, तालुका भोकरदन, जिल्हा जालना. समजा, या गावची एक मुलगी आहे आणि तिला भूगोलाच्या किंवा अर्थशास्त्राच्या प्रकल्पासाठी विषय हवा आहे. मुलगी काल्पनिक आहे, पण अशी मुलगी मराठवाड्याच्या प्रत्येक तालुक्यात सापडेल. 'पाणी' हा शब्द तिच्या मनात आधी येणार, कारण १९७२ चा दुष्काळ तिने आजीकडून ऐकला आहे, २०१२ चा ती लहान असतानाचा आहे, २०१५ आणि २०१८ ची वर्षे तिला स्वतःला आठवतात. म्हणजे तिची कळकळ खरी आहे. पण कळकळ आणि विषय यांच्यात बरेच अंतर असते. 'पाणीटंचाई' हे संकटाचे नाव झाले. त्यात अजून प्रश्न आलेला नाही.

हे अंतर ज्यांनी तोडले त्यांची उदाहरणे आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहेत. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांच्यापुढे प्रश्न होता तो दख्खनच्या शेतकऱ्याच्या दारिद्र्याचा. त्या काळी या विषयावर सरकारी अहवाल निघत होते, वर्तमानपत्रांतून वाद होत होते, व्यासपीठांवरून भाषणे झडत होती. मॅन आणि त्यांचे मराठी सहकारी यांनी या सगळ्यातून एक गाव उचलले, पुण्याजवळचे पिंपळे सौदागर. आज तेथे उंच इमारती आहेत. तेव्हा ते शेतकऱ्यांचे खेडे होते. त्यांनी जमिनीचा प्रत्येक तुकडा, प्रत्येक खातेदार, प्रत्येक कुटुंबाचे उत्पन्न आणि कर्ज मोजायला घेतले आणि १९१७ साली त्यावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला.

त्यात निघाले काय? १७७१ साली गावातील सरासरी धारणा ४० एकरांची होती. १८१८ मध्ये ती साडेसतरा एकरांवर आली आणि १९१५ च्या सुमारास सात एकरांवर. १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरलेली होती. त्यांतले ४६३ तुकडे एक एकराहून लहान आणि ११२ तुकडे पाव एकराहूनही लहान. हे आकडे पुढे शेतीवरच्या राष्ट्रीय पातळीवरील चर्चेत आले आणि अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत कितीतरी दशके राहिले. देशभराचा विषय घेऊन लिहिलेले त्या काळचे किती ग्रंथ आज कोणी उघडत असेल? एका गावापुरता राहिलेला ग्रंथ मात्र टिकला.

पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. पिंपळे सौदागर शहराच्या फार जवळ. तिथल्या लोकांना बाहेर मजुरी मिळे. मग तेथे जे दिसले ते दूरच्या कोरडवाहू गावात दिसेलच असे कशावरून? ही शंका मॅन यांनी झटकून टाकली नाही. तिचाच दुसरा विषय झाला. ना. वि. कानिटकर यांच्यासह त्यांनी जातेगाव बुद्रुक हे कोरडवाहू गाव घेतले आणि १९२१ साली दुसरा खंड निघाला. नवा विषय बहुधा असाच सापडतो. ग्रंथालयात डोळे मिटून बसल्यावर सापडत नाही. आधीच्या कामात जी फट राहिली तिच्यात तो असतो. फट दिसण्यासाठी मात्र आधी कोणाचे तरी काम नीट वाचलेले असावे लागते.

विषय लहान करण्याची एकच रीत आहे, गाव लहान करण्याची, असा समज होऊ नये. जातिसंस्थेसारखा अथांग विषय दोन मराठी माणसांनी दोन तऱ्हांनी आटोक्यात आणला. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना त्यांनी जातीचा इतिहास लिहायला घेतला. १९०९ साली तो छापून निघाला तेव्हा त्याच्या उपशीर्षकातच मर्यादा घातलेली होती : मनुस्मृतीतला पुरावा आणि इसवी सनाचे तिसरे शतक. एक ग्रंथ, एक कालखंड. पुढे ज्ञानकोशाचे तेवीस खंड सिद्ध करणारा हा माणूस, ज्याच्या भुकेला सगळे जग अपुरे होते, संशोधनाला बसला तेव्हा एका पोथीपुरता बसला. ज्ञानकोशकारांच्या चरित्रातली ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी सांगितली जात नाही.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी जातीवरचा निबंध वाचला तेव्हा त्यांचे वय होते २५. त्यांच्याकडे या विषयावर सांगण्यासारखे किती होते, हे काय सांगायला हवे? ज्याने जात सोसली त्याला विषय 'सुचवावा' लागत नाही. तरी त्यांनी निबंधात सगळे सांगितले नाही. सेनार्त, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर यांच्या व्याख्या त्यांनी एकेक करून तपासल्या, विटाळ वगैरे लक्षणे बाजूला केली आणि एकाच लक्षणावर बोट ठेवले. ते म्हणजे जातीतल्या जातीत लग्न. हे एक बंधन टिकवायचे तर समाजाला काय काय करावे लागते, एवढाच प्रश्न त्यांनी उरू दिला. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या प्रथा त्या एका प्रश्नाच्या उजेडात कशा दिसतात, हे त्यांनी दाखवले. केतकरांनी ग्रंथ एक केला, आंबेडकरांनी लक्षण एक केले. दोघांनीही सोडले किती ते पाहावे. आणि जे सोडले ते कमी महत्त्वाचे होते म्हणून सोडले नाही.

नेमकी हीच गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना आणि त्याहून अधिक त्यांच्या पालकांना पटत नाही. 'एवढासाच विषय? यात काय लिहिणार?' हा घरातला पहिला उद्गार असतो. मोठा विषय म्हणजे मोठे काम, असा आपला हिशेब. लग्नाच्या पंगतीसारखे आपण पाने किती उठली ते मोजतो.

आता हसनाबादला परत येऊ. आपली मुलगी 'पाणीटंचाई' घेऊन बसली आहे. ती विषयाची पहिली कापणी जागेने करील : मराठवाडा नको, जिल्हा नको, तालुकाही नको, आपले शिवार घेऊ. एवढ्याने भागत नाही. 'हसनाबाद येथील पाणीटंचाई : एक अभ्यास' यात गाव आले, पण प्रश्न अजूनही आलेला नाही. ग्रामपंचायतीचे टँकर, नळयोजना, शेततळी, विहिरी, बोअर, बायकांच्या डोक्यावरचे हंडे, पाण्यापायी मोडलेली सोयरीक, हे सगळे त्या शीर्षकात अजून दाटीवाटीने बसले आहे. दुसरी कापणी वस्तूची करावी लागेल. ती विहीर घेईल, असे आपण समजू. विहीर डोळ्यांना दिसते, दोरीने मोजता येते आणि तिला मालक असतो.

विहिरींबद्दल पुष्कळ काही विचारता येईल. आपल्याकडचा खडक दख्खनचा काळा पाषाण. वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात आणि खडकाच्या सांध्यांत जे साठते तेवढेच विहिरीचे पाणी. ते आटले की शेतकरी विहिरीची खोली वाढवतो, किंवा आतून आडवे बोअर मारतो, किंवा विहिरीचा नाद सोडून उभे बोअर घेतो. प्रत्येक वेळी पैसा लागतो. या ठिकाणी मुलीने क्षणभर थांबून गावात जे सर्रास बोलले जाते ते आठवावे. लोक म्हणतात, दुष्काळ पडला की विहिरी खोल होतात. हे खरे आहे का? दुष्काळात पाणी नसते, त्याचबरोबर पैसाही नसतो. मग खोली वाढवतात ती दुष्काळाच्या वर्षी, की पुढच्या वर्षी चार पैसे हातात आल्यावर? की दुष्काळातच, जनावरे विकून? आणि ज्यांना दोन्ही जमले नाही, त्यांच्या विहिरीचे पुढे काय झाले?

येथे विषय सापडला, असे आमचे मत आहे. कारण या प्रश्नाचे उत्तर मुलीला आधी ठाऊक नाही. ते दोन तऱ्हांनी येऊ शकते, आणि कोणत्याही तऱ्हेने आले तरी गावाला त्याचा उपयोग आहे. विहिरी जर दुष्काळाच्या पुढच्या वर्षी खोल होत असतील, तर दुष्काळ जाहीर झाल्यावर येणाऱ्या मदतीची वेळ चुकते आहे, असे कोणालातरी म्हणता येईल. जनावरे विकून होत असतील, तर एका विहिरीची खरी किंमत किती, हा हिशेब वेगळा मांडावा लागेल. 'शासनाने लक्ष द्यावे' यापेक्षा हे वाक्य कितीतरी नेमके.

आता तिसरी कापणी, आणि ही सर्वांत कठीण. शिवारातल्या सगळ्या विहिरी तिच्याने होणार नाहीत. तिने एका पांदीच्या दोन्ही बाजूंच्या पंचवीस विहिरी घ्याव्यात आणि वर्षे चार घ्यावीत : १९७२, २०१२, २०१५, २०१८. प्रत्येक विहिरीसाठी प्रश्नही मोजकेच. कधी खोदली, खोली कधी वाढवली, किती वाढवली, पैसा कोठून आला. पाचवा प्रश्न मनात आला तर वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवावा आणि आपल्या धाकट्या भावंडाच्या प्रकल्पासाठी राखावा.

कागदोपत्री आधार काय? सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात विहिरीची नोंद असते, तिच्यातले हिस्से असतात, कर्जाचा बोजाही तेथेच चढतो. चार भावांत एक विहीर आणि पाण्याची पाळी ठरलेली, हे आपल्याकडे नेहमीचे. अशा विहिरीची खोली वाढवायची तर चौघांचे एकमत लागते, हे कागदावर दिसणार नाही, बांधावर कळेल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निवडक निरीक्षण विहिरींतली पाण्याची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. आपले मोजमाप त्या नोंदींशेजारी ठेवून पाहता येते. मागे जायचे तर १९५४-५५ च्या सुमाराची खासरा पत्रके आहेत. त्याच्याही मागे गेले, की एक नवी अडचण उभी राहते आणि ती मराठवाड्याच्या वाट्याला विशेष आलेली आहे.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू. पाटील-कुलकर्ण्यांची जुनी दप्तरे मोडीत. ही दोन्ही ज्याला वाचता येत नाहीत त्याने आजोबांच्या काळाचा विषय घेतला, तर तो दाराशी जाऊन परत येणार. आंतरवाली सराटीच्या आंदोलनानंतर सप्टेंबर २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकाएकी केवढी मागणी आली, हे जालना जिल्ह्याने पाहिले आहे. त्या आरक्षणाच्या वादात येथे शिरायचे नाही. पण तहसिलीच्या कपाटांत काय काय पडून आहे आणि ते वाचणारी माणसे किती थोडी उरली आहेत, हे त्या निमित्ताने घरोघरी कळले. ज्याच्या घरात उर्दू वाचणारे वडीलधारे आहेत किंवा ज्याने मोडीचा अभ्यासवर्ग केला आहे, त्याच्यापुढे विषयांची खाण उघडी आहे. इतरांनी आपल्याला वाचता येईल तेवढ्याच काळात राहावे. यात कमीपणा नाही. विषय ठरवताना आपल्या हाताची लांबी मोजायची असते.

ठिकाणांची नावेही दगा देतात. हसनाबाद हे नाव टाकून माहिती शोधायला गेलात, तर पश्चिम बंगालच्या उत्तर चोवीस परगण्यातले हसनाबादही समोर येते आणि त्याची माहिती भरपूर असते. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधी भोकरदन तालुका औरंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात होता. १९७१ च्या जनगणनेतले हसनाबाद जालन्याच्या पुस्तिकेत शोधणारा रिकाम्या हाताने परतणार आणि 'माहिती उपलब्ध नाही' असे लिहून मोकळा होणार. माहिती असते, फक्त ती जुन्या जिल्ह्याच्या नावाखाली असते.

आपल्या तालुक्यात संशोधन करण्यासारखे काही नाही, असे भोकरदनकडच्या मुलांनी तर मुळीच म्हणू नये. भोकरदन म्हणजे जुने भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या स्तूपांवरील दानलेखांत या गावच्या लोकांची नावे कोरलेली आहेत. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून येथे उत्खनन केले. शां. भा. देव आणि रमेश शंकर गुप्ते यांनी त्याचा अहवाल पुढच्याच वर्षी प्रसिद्ध केला. तेथे हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक तुकडा निघाला. इटलीतल्या पाँपेई येथे, इसवी सन ७९ च्या ज्वालामुखीत गाडल्या गेलेल्या त्या शहरात, १९३८ साली जी भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली, तिच्याशी या तुकड्याचे इतके साम्य आहे की पाँपेईची मूर्ती याच भागात घडली असावी, असे काही अभ्यासक मानतात. पुरातत्त्वज्ञ सगळे भोकरदन उकरत नाहीत, मोजके खड्डे आखून घेतात. खड्डा आखणे हेच विषय आखणे. फक्त त्यांना खड्ड्याची कड दोरीने बांधून दाखवावी लागते आणि आपल्याला ती शीर्षकात बांधावी लागते.

विषय मार्गदर्शकांनी दिला तर? पुष्कळदा तसेच होते आणि त्यात गैर काही नाही. इरावती कर्वे बर्लिनला गेल्या तेव्हा माणसाच्या कवटीच्या दोन बाजूंतल्या असमानतेचा विषय त्यांना त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांच्याकडे मिळाला. फिशर वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराचे. युरोपीय कवट्या इतरांहून वेगळ्या निघाव्यात, ही तेथली अपेक्षा. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा फरक आढळत नाही, असे लिहून दिले. विषय दुसऱ्याचा होता, मोजणी आणि निष्कर्ष त्यांचे. परक्या देशात, पदवी ज्याच्या हातात त्याच्याच विरुद्ध जाणारे उत्तर लिहायला किती धैर्य लागले असेल! आपल्याकडे मार्गदर्शक विषयाबरोबर निष्कर्षही देतात आणि विद्यार्थी दोन्ही आभारासह स्वीकारतात, तेव्हा ही आठवण ठेवायला हरकत नाही.

त्याहून वाईट म्हणजे बाजार. झेरॉक्सच्या दुकानांत प्रकल्प तयार मिळतात, नाव आणि हजेरी क्रमांक तेवढा बदलायचा. शोधनिबंध छापून देणाऱ्या नियतकालिकांचे पीक इतके माजले, की विद्यापीठ अनुदान आयोगाला मे २०१८ मध्ये आपल्या यादीतून ४,३०५ नियतकालिके एका फटक्यात काढून टाकावी लागली. यांत आता कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. मोबाईलला विचारले की तो क्षणात दहा शीर्षके देतो, दहाही व्यवस्थित, अपूर्णविरामासकट. त्या यंत्राला कोणत्या विषयावर आधी काय लिहिले गेले, हे विचारण्यात गैर नाही. पण हसनाबादच्या एखाद्या पांदीला कोणाची विहीर चार आणे हिश्श्याची आहे, हे त्याला ठाऊक नाही. ते मुलीला ठाऊक आहे, किंवा तिच्या चुलत्याला विचारून दहा मिनिटांत कळण्यासारखे आहे. खेड्यातल्या विद्यार्थ्याकडे असलेले हे भांडवल मुंबई-पुण्याच्या अभ्यासकाकडे नाही, आणि नेमके तेच बाजूला ठेवून आपण त्याला 'जागतिकीकरणाचे परिणाम' लिहायला बसवतो. मराठवाड्याच्या दुष्काळावर बाहेरून येऊन लिहिणारे पुष्कळ झाले. त्यांच्या अहवालांतल्या सरासरीत हसनाबाद कोठे बसते की बसतच नाही, हे हसनाबादच्याच कोणीतरी मोजून ठेवल्याशिवाय कळायचे नाही.

जवळच्या विषयाला एक पथ्य मात्र आहे. विहिरीचा पैसा कोठून आला, हे विचारताना कर्ज निघेल, सावकार निघेल, मोडलेला दागिना निघेल, एखाद्या घरात याहून वाईट निघेल. ओळखीच्या माणसाने विश्वासाने सांगितलेले वहीत नाव घालून लिहायचे नसते. विहिरींना क्रमांक द्यावेत, घरांना नावे देऊ नयेत, आणि समोरचा गप्प झाला की प्रश्न तेथेच सोडून द्यावा. 'काका, राहू द्या, एवढे पुरे' असे म्हणता येणे हाही अभ्यासाचा भाग आहे. घरच्या मोठ्यांनी हे तिला सांगावे. विषय सुचवण्यापेक्षा ही मदत मोठी.

आणखी एक मदत घरच्यांना करता येईल. मुलगी विचारील, 'आजोबा, आपली विहीर कोणत्या साली खोदली?' आजोबा साल सांगणार नाहीत. ते सांगतील, 'तुझ्या मोठ्या आत्याच्या लग्नाच्या आदल्या उन्हाळ्यात.' खोली विचारली तर सांगतील, 'सात परस.' परस म्हणजे उभा पुरुष, आणि पुरुष काही सगळे सारख्या उंचीचे नसतात. मग आत्याच्या लग्नाची पत्रिका शोधा, नाहीतर तिच्या थोरल्या मुलाच्या शाळेच्या दाखल्यावरून मागे मोजा, आणि परसाचे फूट करण्यासाठी विहिरीत दोरी सोडा. एका विहिरीला एक दुपार जाईल. पंचवीस विहिरी म्हणजे पंचवीस दुपारी. चार महिन्यांतले रविवार आणि इतर सुट्ट्या धरल्या तर कसाबसा हिशेब बसतो, आणि म्हणूनच विहिरी पन्नास नकोत.

दोरीला दर फुटावर गाठ मारावी आणि खाली दगड बांधावा. ओल कोठपर्यंत आली तेही लिहावे. पांदीने जाताना तिला एकदोन विहिरी बुजवलेल्या दिसतील, वर कदाचित बाभूळ उगवलेली. त्यांत दोरी सोडता येणार नाही. त्या पंचविसांत धरायच्या की नाही, हे तिने मार्गदर्शकांना विचारावे. आमच्या मते धराव्यात. त्या कोणत्या साली बुजल्या, एवढे तरी शेजारच्या बांधावरचा माणूस सांगू शकेल.